मनगटाचे दुखणे : सोसू नका, समजून घ्या आणि वेळेवर उपचार करा

सेवा हातांनी होते. स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या असोत, संगणकावर लिखाण टंकायचे असो, सत्संगात टाळ वाजवायचे असोत किंवा माळ ओढायची असो, प्रत्येक कामाचा भार शेवटी मनगटावर येतो. हे मनगट दुखू लागले की आपल्यापैकी बहुतेक जण एकच गोष्ट करतात, ती म्हणजे दुखणे सोसतात. ‘एवढ्याशा दुखण्याचे काय कौतुक करायचे’ असे म्हणून काम चालू ठेवतात. चार-पाच महिन्यांनी पाण्याचा पेला उचलणेही जड जाते, तेव्हा डॉक्टरांची आठवण होते.

हा लेख त्या चार-पाच महिन्यांविषयी आहे. ते वाया जाऊ नयेत, यासाठी मनगटाच्या कंडरांचे दुखणे म्हणजे काय, त्यावर कोणते उपचार आहेत आणि कोणता उपचार केव्हा घ्यावा, हे क्रमाने पाहू.

१. माझी चूक

मी नोएडात राहते. दिवसा घरकाम आणि संध्याकाळी दोन-तीन तास मराठी लिखाण टंकण्याची सेवा, असा माझा क्रम होता. मुलगी बाळंतपणासाठी आली आणि त्यात नातीला उचलण्या-झोपवण्याची भर पडली. दुसऱ्या महिन्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येऊ लागली. ‘नस चढली असेल’ असे समजून मी एका मालिशवाल्याकडून मनगट जोरजोरात चोळून घेतले. दुसऱ्या दिवशी तिथे सुपारीएवढी सूज आली. तरीही मी सेवा थांबवली नाही. सेवेत दुखणे सांगायचे नसते, असे मला वाटत होते.

एका सकाळी नातीला काखेत हात घालून उचलताना कळ इतकी तीव्र आली की बोटांतली पकडच सुटली. बाळ गादीवर होते, म्हणून निभावले. त्या दिवशी मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “किती दिवसांपासून दुखतंय?” मी म्हटले, “चार महिने.” ते म्हणाले, “तिसऱ्या आठवड्यात आला असता, तर फक्त पट्ट्यावर भागलं असतं.”

२. दिल्लीत घडलेले एक उदाहरण

कंडरांचे दुखणे किती मोठ्या माणसालाही थांबवू शकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर्ष २००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना डाव्या कोपराच्या दुखण्याने गाठले. त्याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. दुखणे कोपराला असले, तरी मूळ मनगटाच्या कामात असते. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाला ज्या कंडरांनी जोडलेले असतात, त्या कंडरा झिजतात.

त्या दुखण्यामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतील पहिल्या दोन कसोटी त्यांना खेळता आल्या नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला त्यांनी नाबाद २४८ धावा करून सुनील गावसकर यांच्या ३४ कसोटी शतकांशी बरोबरी केली. दुखणे मात्र संपले नाही. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर विश्रांती, व्यायाम आणि हळूहळू सराव. १० डिसेंबर २००५ या दिवशी दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर श्रीलंकेविरुद्ध त्यांनी पस्तिसावे शतक पूर्ण केले.

चौतीस ते पस्तीस या एका पावलाला एक वर्ष लागले. यातून आपल्यासाठी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, कंडरा घाई सहन करत नाही. दुसरी, योग्य क्रमाने उपचार झाले तर ती पुन्हा पूर्ण ताकदीने काम करते.

३. मनगटात नेमके काय बिघडते ?

स्नायू हाडाला ज्या चिवट, पांढऱ्या दोरीने जोडलेला असतो, ती कंडरा. बोलण्यात आपण तिलाच ‘नस’ किंवा ‘शीर’ म्हणतो. पण तिच्यातून रक्त वाहत नाही की संवेदनाही जात नाही. ती केवळ ओढण्याचे काम करते. मनगटावर अशा पुष्कळ कंडरा अरुंद बोगद्यांमधून पुढे बोटांकडे जातात. बोगद्याच्या आत गुळगुळीत आवरण असते, त्यामुळे कंडरा सहज सरकते.

अंगठ्याच्या बाजूच्या पहिल्या बोगद्यातून दोन कंडरा जातात. अंगठा बाहेर ताणणे आणि वर उचलणे हे त्यांचे काम. तीच हालचाल दिवसभरात शेकडो वेळा झाली की बोगद्याचे आवरण जाड होते, जागा कमी पडते आणि कंडरा घासू लागते. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. म्हणून आजही त्याला ‘डी क्वेर्वेन’ याच नावाने ओळखतात. बाळाला काखेत धरून उचलणाऱ्या आया आणि आज्या, मोबाईलवर अंगठ्याने लिहिणारे, कपडे पिळणारे, कणीक मळणारे, यांना तो अधिक होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे.

करंगळीच्या बाजूला किंवा मनगटाच्या मधोमधही कंडरा दुखू शकतात. स्क्रू पिळणे, रॅकेट फिरवणे, हात वाकवून माऊस चालवणे ही त्याची नेहमीची कारणे.

एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बऱ्याच दिवसांच्या दुखण्यात ‘सूज’ हा मुख्य दोष नसतो. कंडरेचे तंतू झिजलेले असतात आणि दुरुस्ती अर्धवट राहिलेली असते. म्हणूनच केवळ सूज उतरवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन दुखणे मुळातून जात नाही.

४. हे तेच दुखणे आहे का ?

अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यावर बोटाने दाबल्यास दुखणे. बरणीचे झाकण फिरवताना, किल्ली लावताना, पातेले उचलताना कळ येणे. अंगठा हलवताना आत काहीतरी घासल्यासारखे वाटणे, ही डी क्वेर्वेनची लक्षणे आहेत. अमेरिकेतील डॉ. हॅरी फिंकलस्टीन यांनी १९३० मध्ये सांगितलेली एक चाचणी डॉक्टर करतात. त्यात रुग्णाचा अंगठा धरून हात करंगळीच्या दिशेने झुकवतात. ही चाचणी घरी जोर लावून करू नये. निरोगी माणसालाही तिने थोडे दुखते आणि दुखऱ्या कंडरेला इजा होते.

पुढील लक्षणे असतील, तर दुखणे वेगळे असू शकते :

अ. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होणे किंवा मुंग्या येणे : मनगटातील मज्जातंतू दबला असण्याची शक्यता.

आ. हात टेकून पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दुखणे : तेथील लहान हाड मोडलेले असू शकते. पहिल्या क्ष-किरण चित्रात ते दिसत नाही, असेही होते. म्हणून पुन्हा तपासणी करावी.

इ. दोन्ही मनगटे दुखणे आणि सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहणे : संधिवाताची रक्ततपासणी करावी.

ई. त्वचा लाल, गरम होणे, ताप येणे किंवा बोट अचानक हलेनासे होणे : त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

मधुमेह असणाऱ्यांना कंडरांचे विकार अधिक होतात. तसेच सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरांना इजा होऊ शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून या गोळ्या घेण्याची सवय अनेकांना असते. अलीकडे अशी गोळी घेतली असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे.

५. पहिली पायरी : विश्रांती, पट्टा आणि शेक

दुखणे नवीन असेल, तर याच पायरीवर पुष्कळ जण बरे होतात.

अ. विश्रांती : सगळा हात बांधून बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. जी हालचाल दुखवते, तेवढीच काही आठवडे बंद ठेवायची. उरलेली बोटे, कोपर आणि खांदा हलता ठेवायचा.

आ. पट्टा : नेहमीचा मनगटपट्टा डी क्वेर्वेनला पुरत नाही, कारण त्यात अंगठा मोकळा राहतो. अंगठ्यासह मनगट स्थिर ठेवणारा ‘थंब स्पायका’ पट्टा मागावा. तो साधारण तीन ते सहा आठवडे वापरतात. दिवसातून काही वेळा काढून हात हळुवार हलवावा, नाहीतर सांधा आखडतो. क्रेप बँडेज घट्ट गुंडाळू नये.

इ. शेक : नव्याने सुजलेल्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. जुन्या, आखडलेल्या दुखण्याला कोमट शेक बरा वाटतो. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत सकाळी काम सुरू करण्यापूर्वी कोमट पाण्यात हात धरल्यास हालचाल सोपी होते.

ई. औषधे : लावायच्या वेदनाशामक जेलने प्रारंभ करणे सुरक्षित असते. पोटात घेण्याच्या गोळ्या थोडे दिवसच आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी त्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. बाळाला पाजणाऱ्या मातांनीही आधी विचारावे.

६. दुसरी पायरी : व्यायाम

कळ ओसरू लागली की कंडरेला पुन्हा भार उचलायला शिकवावे लागते. ही पायरी गाळल्यामुळे दुखणे उलटते. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावेत. साधारण क्रम असा असतो :

अ. प्रथम हालचाल न करता जोर लावणे. अंगठा वर ठेवून हात टेबलावर ठेवायचा, दुसऱ्या हाताने अंगठा हलकेच दाबून धरायचा आणि अंगठ्याने त्याविरुद्ध वीस-तीस सेकंद जोर द्यायचा. असे चार-पाच वेळा.

आ. नंतर हळूहळू भार. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्यायचे आणि मदतीशिवाय सावकाश खाली आणायचे. खाली येणारी सावकाश हालचाल हाच यातला मुख्य भाग.

इ. शेवटी रोजची कामे थोडी-थोडी सुरू करणे.

किती दुखले तर चालेल, यासाठी एक सोपा नियम आहे. शून्य ते दहा या मापात दुखणे तीनपर्यंत राहिले आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झाले, तर भार योग्य आहे. त्याहून जास्त दुखले, तर एक पायरी मागे यावे. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘काहीच उपयोग नाही’ म्हणून व्यायाम सोडू नये.

७. तिसरी पायरी : इंजेक्शन

पट्टा आणि विश्रांतीने काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टर स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवतात. स्टेरॉइड या शब्दाला घाबरून पुष्कळ जण नकार देतात, तर काही जण ‘एकदाचे सुई टोचून मोकळे करा’ म्हणून हट्ट धरतात. दोन्ही टोके चुकीची आहेत.

इंजेक्शनचा लाभ दुखणे कुठे आहे त्यावर अवलंबून असतो. डी क्वेर्वेनमध्ये ते कंडरेच्या बोगद्यात देतात आणि अनेकांना एकाच इंजेक्शनने बराच काळ आराम पडतो. टेनिस एल्बोमध्ये मात्र चित्र उलटे आहे. तिथे इंजेक्शनने पहिले काही आठवडे छान वाटते. पण वर्षभराने पाहिले, तर इंजेक्शन न घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून शेजारणीला लाभ झाला, हे आपल्यासाठी कारण होऊ शकत नाही.

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दुखणे वाढू शकते. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, ती मोजत राहावी. टोचलेल्या जागी त्वचा फिकी पडू शकते आणि आपल्या सावळ्या वर्णावर ते उठून दिसते. माझ्या मनगटावर रुपयाएवढा पांढुरका डाग काही महिने होता. मग तो आपोआप गेला. इंजेक्शन पुन:पुन्हा घेत राहिल्यास कंडरा कमकुवत होते. एक-दोन वेळा देऊनही गुण आला नाही, तर पुढचा विचार करतात.

८. चौथी पायरी : शस्त्रक्रिया

फार थोड्या रुग्णांना इथवर यावे लागते. काहींच्या मनगटात तो बोगदा जन्मतःच पडद्याने दोन कप्प्यांत विभागलेला असतो. औषध एकाच कप्प्यात पोहोचते आणि इंजेक्शन निष्फळ ठरते. अशा वेळी शस्त्रक्रियेने बोगद्याचे छत उघडून कंडरा मोकळ्या करतात. सहसा केवळ हाताचा तो भाग बधिर करून हे काम होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. जड कामे सुरू करायला आणखी काही आठवडे लागतात. त्या जागेवरून त्वचेचा एक नाजूक मज्जातंतू जातो, त्याला धक्का लागल्यास अंगठ्याच्या मागे बधिरपणा राहू शकतो. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियांचा अनुभव असलेले शल्यचिकित्सक निवडावेत.

९. मालिश, लेप आणि योगासने

कोमट तेल हलक्या हाताने लावल्याने उब मिळते आणि आजूबाजूचे स्नायू सैल होतात. त्यात गैर काही नाही. परंतु सुजलेल्या बोगद्यावर अंगठ्याने दाबून चोळणे, मनगट ‘बसवणे’, झटका देणे हे टाळावे. आयुर्वेदिक औषधे घ्यायची असल्यास प्रशिक्षित वैद्यांकडूनच घ्यावीत आणि चालू असलेल्या इतर गोळ्यांची माहिती त्यांना द्यावी.

दुखणे असेपर्यंत सूर्यनमस्कार, अधोमुख श्वानासन, मयूरासन, अशी तळहातावर भार घेणारी आसने करू नयेत. प्राणायाम, वज्रासन, मान आणि खांद्यांच्या हालचाली चालू ठेवता येतात.

१०. सेवा आणि साधना चालू ठेवताना

अ. टंकताना मनगट सरळ ठेवावे, कोपर टेबलाच्या उंचीला असावे. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात सोडून बसावे. मोबाईलवर मोठा मजकूर बोलून लिहावा. मराठीतही ही सोय आहे.

आ. पोळ्या लाटणे, कणीक मळणे, मोठ्या पातेल्यात डाव फिरवणे ही कामे आळीपाळीने वाटून घ्यावीत. जड पातेले दोघांनी उचलावे. फडके पिळण्याऐवजी निथळत ठेवावे.

इ. बाळाला उचलताना अंगठे ताणून काखेत घालू नयेत. एक हात बुडाखाली आणि दुसरा पाठीखाली, तळहात वर करून ओंजळीत घ्यावे तसे उचलावे.

ई. माळ ओढताना अंगठा हजारो वेळा त्याच हालचालीत असतो. दुखणे असेपर्यंत नामजप मनातल्या मनात करावा. संख्या राहिली, तरी नाम राहत नाही.

उ. मेट्रोत एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाईल, हे आपल्या दिल्लीकरांचे रोजचे चित्र. तेवढा प्रवास तरी अंगठ्याला सुटी द्यावी.

११. दिल्ली परिसरात कुठे जावे ?

प्रारंभ जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांपासून करता येतो. सरकारी सोयींपैकी एम्समध्ये अस्थिरोग विभागाबरोबरच शारीरिक पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि बाह्यरुग्ण तपासणीची वेळ ऑनलाईन घेता येते. सफदरजंग रुग्णालयात क्रीडादुखापतींसाठी वेगळे केंद्र आहे. कारखान्यात किंवा कार्यालयात ईएसआयचे कार्ड असलेल्यांना नोएडा आणि फरिदाबाद येथील ईएसआय रुग्णालयांत जाता येते. जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात : दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या हालचालीने वाढते आणि आतापर्यंत काय-काय केले. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांकडे मिनिटे थोडी असतात. ती नेमक्या माहितीसाठी वापरली जावीत.

१२. शेवटी एवढेच

मला सहा आठवडे पट्टा, एक इंजेक्शन आणि तीन महिने व्यायाम एवढे लागले. त्या काळात माझी टंकनाची सेवा दुसऱ्या एका ताईंनी सांभाळली. मी वाचून दाखवत असे आणि त्या टंकत असत. तेव्हा लक्षात आले की, मी दुखणे लपवत होते त्यात सहनशीलता कमी आणि ‘माझ्यावाचून हे काम अडेल’ हा अहंकार अधिक होता. काम अडले नाही, उलट एक नवीन सेवेकरी तयार झाल्या.

शरीर ही सेवेसाठी मिळालेली ठेव आहे. ती झिजवून टाकणे म्हणजे त्याग नव्हे. आपले मनगट दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, तर आजच आपल्या उत्तरदायी साधकांना सांगा, काम वाटून घ्या आणि तपासणीची वेळ घ्या. नात आता वर्षाची झाली आहे. ती धावत आली की मी तिला दोन्ही हातांनी उचलते, तळहात वर करून.